शेतकऱ्याच्या घरी एक कारागीर

खानदेशातील विहिरींवर मोट चालत होती तोपर्यंत ती दुरुस्त करणारे हात गावातच होते. चाक व लाकडी सांगाडा सुतार करी, लोखंडी कडी लोहार करी, चामड्याची मोट शिवण्याचे काम चर्मकाराकडे असे, तर नाडा आणि सोंदूर वळणारेही गावकुसाजवळच राहत. या सर्वांना सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्य मिळे. बलुत्याच्या या व्यवस्थेत जन्मावरून धंदा ठरे व धंद्यावरून माणसाची पायरी ठरे, हा तिचा मोठा दोष होता आणि तो झाकण्याचे कारण नाही. ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. मोट फाटली तर ती बहुधा त्याच दिवशी सांधली जाई आणि पिकाचे पाणी चुकत नसे.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत हे याच विचाराचे दुसरे उदाहरण होय. नदीवर लहान लहान बंधारे घालून पाणी पाटाने शेतात न्यावयाचे, लाभक्षेत्राचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी वाटण्यासाठी पाटकरी व जागल्या नेमून त्यांचा मेहनताना लाभधारकांनी मिळून द्यावयाचा, अशी ही काही शतकांची रीत आहे. पाण्याचे काम जाणणारा माणूस ही गावाची गरज आहे आणि त्याचा खर्च हा शेतीचाच खर्च आहे, हे त्या काळच्या शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पुढे मोटेच्या जागी तेलाचे इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली, विहिरीच्या तळाशी आडवे-उभे बोअर गेले, आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल जसजसे खोल गेले तसतशी मोटारही शेकडो फूट खाली पाण्यात उतरली. पाणी उपसण्याचे साधन तीन वेळा बदलले. ते सुधारणारा माणूस मात्र गाव सोडून तालुक्याच्या बाजारपेठेत जाऊन बसला. आज जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यास ज्या प्रश्नाने उन्हाळ्यात झोप येत नाही, त्यांपैकी एक प्रश्न या अंतराचा आहे.

एका जळालेल्या मोटारीची किंमत

केळीचे पीक घ्यावे. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लागवड केल्यास हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. ठिबकावरील वाढलेल्या बागेस ऐन उन्हाळ्यात दर झाडास दिवसाला पंधरा ते वीस लिटरांच्या आसपास पाणी लागते. झाडास अठरा लिटर धरले तरी एका हेक्टरास दररोज सुमारे ऐंशी हजार लिटर पाणी द्यावे लागते. हे पाणी एका मोटारीवर अवलंबून असते. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, उष्ण वारे पाने फाडतात, आणि अशा वेळी निसवणीवर आलेल्या बागेस आठ दिवस पाणी मिळाले नाही तर घड आखूड राहतो, फण्या नीट भरत नाहीत आणि काही झाडे मधूनच मोडतात. पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेले वजन परत येत नाही.

मोटार जळाल्यानंतर काय काय होते हे येथील शेतकऱ्यास ठाऊक आहे. बोअरमधून पाइपांची लांबच लांब माळ वर काढण्यासाठी कप्पी, साखळी आणि माणसे जमवावी लागतात. मोटार वाहनात घालून तालुक्याला न्यावी लागते. हंगामात रिवाइंडिंगच्या दुकानासमोर आधीच आलेल्या मोटारी रांगेत पडलेल्या असतात. तार भरून झाली की पुन्हा तोच प्रवास उलट दिशेने. दुकानदाराच्या बिलावर लिहिलेली रक्कम हा या नुकसानीचा सर्वात लहान भाग असतो. मोठा भाग कोणत्याच कागदावर लिहिलेला नसतो, तो बागेत असतो.

आणि खेदाची गोष्ट अशी की यांतील बहुसंख्य मोटारी जळावयास नको होत्या.

मोटार का जळते

मोटारीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तारेतून वीज जाताना तार तापते, आणि ही उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट झाला की उष्णता दीडपट होत नाही, ती सव्वादोनपट होते. तारेवर जे विद्युत्रोधक आवरण असते ते ठराविक तापमानापर्यंतच टिकते. मर्यादेपलीकडे दर दहा अंश तापमानवाढीस त्याचे आयुष्य साधारणतः निम्मे होत जाते, असा अभियंत्यांचा अनुभव आहे. आवरण गेले की तारेस तार लागते आणि मोटार बसते. म्हणजे मोटार एका क्षणात जळालेली दिसली, तरी पुष्कळदा ती कित्येक आठवडे आतून जळत आलेली असते.

प्रवाह वाढण्याची कारणे मोजकीच आहेत. पहिले म्हणजे कमी दाब. मोटार ४१५ व्होल्टसाठी बनविलेली असते. दाब ३५० पर्यंत उतरला आणि पंपाचा भार तसाच राहिला, तर प्रवाह सुमारे एक-पंचमांशाने वाढतो आणि उष्णता चाळीस टक्क्यांनी. हा दाब का उतरतो याचे एक उत्तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या पेटीत असते. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून बसविलेला ऑटो स्विच त्याचा रात्रीचा हेलपाटा वाचवितो हे खरे, परंतु एका रोहित्रावरील, म्हणजे गावच्या भाषेत एका डीपीवरील, सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सरळ जोडणीची मोटार सुरू होताना नेहमीच्या प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. अशा वीस मोटारी एकदम उठल्या तर डीपीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येईल. एकाची सोय ही सर्वांची अडचण होते, आणि डीपी जळाला की त्या सोयीचा उपयोग त्या एकासही राहत नाही.

दुसरे कारण एक फेज जाणे. तीनपैकी एक फेज तुटली तरी चालू असलेली मोटार थांबत नाही. ती गुरगुरत चालूच राहते आणि उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह ओढते. उष्णता तिप्पट होते. यावर उपाय म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचे लहानसे उपकरण स्टार्टरच्या पेटीत बसवितात. ते अनेक पेट्यांत असतेही. मात्र दोन फेजवर कंडेन्सरच्या आधाराने मोटार चालविता यावी म्हणून ते काढून किंवा बाजूस सारून ठेवलेले आढळते. ओव्हरलोड रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा काटा वर सरकविणे आणि फ्यूज उडू नये म्हणून त्याजागी जाड तार गुंडाळणे, या दोन सवयीही त्याच जातीच्या आहेत. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधावे, तसा हा प्रकार होय.

तिसरे कारण पाणबुडी मोटारीचे खास आहे. ती पाण्यानेच थंड राहते आणि तिच्या बेअरिंगांना वंगणही पाण्याचेच असते. बोअरचे पाणी खाली गेले आणि पंप कोरडा फिरू लागला की काही मिनिटांत नुकसान सुरू होते.

या तिन्ही कारणांची चाहूल आधी लागते. चिमट्याच्या आकाराचा अँपिअरमापक तारेभोवती धरला की प्रवाह कळतो. पाच अश्वशक्तीची जमिनीवरील मोटार पूर्ण भारावर साडेसात अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. तो नऊ-दहावर गेला असेल तर काही तरी बिघडले आहे हे निश्चित. मेगर नावाच्या उपकरणाने आवरणाची स्थिती तपासता येते. पाच अश्वशक्तीस दोन केव्हीएआरचा कपॅसिटर योग्य तऱ्हेने जोडला तर रोहित्रावरचा बोजा हलका होतो. यांतील कोणतीही गोष्ट अवघड नाही. फक्त ती शिकलेला माणूस बांधावर हवा.

संस्थेत काय शिकवितात

असा माणूस तयार करण्याची सोय जळगाव व धुळे येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आहे, तालुक्यांच्या गावीही अशा संस्था आहेत. देशातील कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. शिवराव समितीच्या शिफारशीनंतर या संस्थांचा दैनंदिन कारभार १ नोव्हेंबर १९५६ पासून राज्यांकडे आला, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने संस्थेतील शिक्षणाला कारखान्यातील अनुभवाची जोड मिळाली. कारखान्यांस कुशल कामगार मिळावेत हा या योजनेचा मूळ हेतू. शेतीचा विचार त्या वेळी तिच्या केंद्रस्थानी नव्हता. तरीही आज शेतीस ज्या कसबांची निकड आहे, ती जवळजवळ सर्व या संस्थांच्या व्यवसायांच्या यादीत आहेत.

वीजतंत्री व तारतंत्री हे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. डिझेल इंजिनाचे यांत्रिक, ट्रॅक्टरचे यांत्रिक, पंप चालक-नि-यांत्रिक आणि संधाता, म्हणजे वेल्डर, हे एक वर्षाचे. प्रत्येक संस्थेत यांपैकी सर्वच असतील असे नाही. वीजतंत्रीसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. तारतंत्री व संधाता यांस आठवी उत्तीर्णाही पुरते, ही गोष्ट दहावीत अडखळलेल्या मुलाच्या पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वीजतंत्रीच्या वर्गात मुलगा गेला की त्याच्या हाती प्रथम वीज देत नाहीत, कानस देतात. लोखंडाचा तुकडा काटकोनात घासणे, हॅक्सॉने रेषेवर कापणे, तारेचे जोड देणे, डाग देणे, यांत पहिले महिने जातात. घरच्यांस हा वेळाचा अपव्यय वाटतो. परंतु ज्याचा हात कानशीवर स्थिर झाला त्याचाच हात पुढे वेटोळ्यांवर स्थिर राहतो, असे जुने शिल्प निदेशक सांगत आले आहेत, आणि त्यात तथ्य आहे. मग भूमिगत जोडणी येते. खड्ड्यात कोळसा व मीठ यांचे थर कशासाठी, जमीन कोरडी पडली की ही जोडणी निकामी का होते, शेतातील पत्र्याच्या पेटीस हात लावताच माणूस का दगावतो, हे मुलास येथे समजते. खानदेशात दर पावसाळ्यात ओल्या हातांनी स्टार्टर उघडताना घडणारे अपघात पाहिले, तर एवढ्या एकाच धड्याचे मोल लक्षात येईल. दुसऱ्या वर्षी स्टार-डेल्टा स्टार्टर, मोटारीची तपासणी, जुनी तार काढून वेटोळ्यांची मोजणी आणि नवी तार भरणे असा क्रम असतो. अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेल्यास देशभर मान्य असलेले राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

पालकांच्या मनातील गाठ

खानदेशातील शेतकरी कुटुंब मुलाच्या शिक्षणावर खर्च करण्यास मागे पाहत नाही. जमीन विकून मुलाला पदवीपर्यंत नेलेली घरे गावोगाव आहेत. तथापि शिक्षण म्हणजे पुस्तकाचे, आणि हाताला काळे लागले तर ते शिक्षण नव्हे, ही समजूत अजून सुटलेली नाही. ज्यास कोठेच प्रवेश मिळाला नाही त्याने प्रशिक्षण संस्थेत जावे, असे मानले जाते. त्याचा परिणाम असा होतो की कला शाखेची पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलास बापाच्या मोटारीचा स्टार्टर उघडता येत नाही, आणि ज्यास तो उघडता येतो त्याला सोयरिकीच्या बैठकीत कमी लेखले जाते.

औद्योगिक प्रशिक्षण घेतले की पुढचे शिक्षण थांबते, हीदेखील चुकीची समजूत आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण करून ठरलेले भाषा विषय दिल्यास राज्यात बारावीची समकक्षता मिळते. दोन वर्षांच्या व्यवसायानंतर तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेण्याची वाटही खुली आहे.

दुसरी शंका नोकरीची. भुसावळ येथील मध्य रेल्वेचा विद्युत इंजिन कारखाना व शेड, तेथीलच आणि वरणगावची आयुधनिर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, जळगावातील पाइप व ठिबक संचांचे कारखाने, साक्री तालुक्यातील पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा २०१३ मध्ये सुरू झालेला सौर वीज प्रकल्प, हे सर्व या दोन जिल्ह्यांतच आहेत आणि त्या सर्वांस कुशल हात लागतात. शिकाऊ उमेदवारीच्या काळात विद्यावेतनही मिळते. परंतु नोकऱ्या मोजक्या व उमेदवार पुष्कळ, ही वस्तुस्थिती लपवून उपयोग नाही. रेल्वेच्या जाहिरातीची वाट पाहत पंचविशी ओलांडणारे प्रमाणपत्रधारक तरुण गावांत कमी नाहीत. यांना नोकरीखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही, कारण तो त्यांना दाखविला गेलेला नाही.

दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर दोन भावांचा संसार चालत नाही. एका भावाने शेत पाहावे व दुसऱ्याने गावात मोटारी, स्टार्टर, ठिबकचे फिल्टर आणि ट्रॅक्टर-अवजारांची दुरुस्ती हाती घ्यावी, ही वाटणी बांधाच्या वाटणीपेक्षा दोघांच्याही हिताची ठरते. एका मध्यम गावात शंभर-दीडशे मोटारी सहज असतात. त्यांची देखभाल हा एका माणसाचा वर्षभराचा धंदा आहे.

जेथे सुधारणा हवी

संस्थांच्या शिक्षणातही उणिवा आहेत. कार्यशाळेतील सरावाची मोटार बहुधा जमिनीवर बसविण्याची असते. तिची तार एनॅमलची, वरून वॉर्निश दिलेली. पाणबुडी मोटार पाण्याने भरलेली असते, म्हणून तिच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असते, ती भरण्याची रीत वेगळी असते, आणि तिच्या केबलचा जोड पाण्याखाली वर्षानुवर्षे टिकावा लागतो. केळीपट्ट्यातील शेतकऱ्याचे मरण या जोडात आहे. ज्या जिल्ह्यात पाणी शेकडो फुटांवरून येते तेथील संस्थेच्या मेजावर उघडलेली पाणबुडी मोटार कायम असली पाहिजे. ठिबक संचाचा वाळूचा फिल्टर, खत सोडण्याची व्हेंच्युरी आणि दाबमापक यांचेही तसेच.

शिक्षण गावाच्या कामाशी जोडले तर काय होते, याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन करून केला. शाळेत अपयशी ठरलेल्या मुलांनाही तेथे प्रवेश होता. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत मुलांनी वर्षभर हाताने काम करावयाचे, आणि ते काम शक्यतो गावातील कोणाच्या तरी गरजेचे असावे, असा त्यांचा कटाक्ष होता. वेल्डिंग शिकणारा मुलगा सरावासाठी निरुपयोगी तुकडे जोडत बसत नसे, तो एखाद्या शेतकऱ्याचे फाटक जोडी. खानदेशातील संस्थांनी चैत्राच्या आधी, म्हणजे मोटारी जळण्याचा हंगाम लागण्यापूर्वी, आसपासच्या दोन-चार गावांत तपासणी शिबिरे घेतली, तर मुलांना खरा सराव मिळेल आणि शेतकऱ्यास धोक्याची सूचना वेळेवर मिळेल. यासाठी नवे अनुदान लागणार नाही.

वय उलटलेल्यांसाठी

तिशी-पस्तिशीच्या शेतकऱ्यास दोन वर्षे संस्थेत बसणे शक्य नसते. त्यांच्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. कर्नाटकातील उजिरे येथे धर्मस्थळाच्या पुढाकाराने १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर त्या देशभर उभ्या राहिल्या आणि बँका त्या चालवितात. प्रशिक्षण निवासी व विनामूल्य असते. मोटार रिवाइंडिंग व पंप दुरुस्तीचा महिनाभराचा वर्ग त्यांच्या अभ्यासक्रमांत आहे. महिनाभरात पूर्ण कारागीर होत नाही. परंतु बिघाड ओळखणे, पेटीची जोडणी तपासणे आणि कोणते काम जाणकाराकडे न्यावे हे ठरविणे, एवढे साधते. ममुराबाद, पाल व धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रांतही शेतीशी निगडित लहान प्रशिक्षणे होत असतात. त्यांची माहिती केंद्रात मिळू शकेल.

डीपीवर चढणे, फ्यूज बदलणे, वाहिनीस हात लावणे ही कामे मात्र प्रशिक्षण घेतलेल्यानेही करावयाची नाहीत. ती वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याचीच आहेत.

सौर पंपाची पाच वर्षे

प्रधानमंत्री कुसुम योजना २०१९ मध्ये आणि राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून शेतांत सौर पंप वाढत आहेत. सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. या पंपांमुळे रात्रीच्या पाळीतून सुटका होते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पुरवठादारावर देखभालीची जबाबदारी पाच वर्षांपुरती असते. पाच वर्षांनंतर कंट्रोलर बिघडला, पटलांवरील जोडणी सैल झाली किंवा वाऱ्याने सांगाडा हलला, तर कोणास बोलवावयाचे? सौर तंत्रज्ञ हा एक वर्षाचा व्यवसाय औद्योगिक प्रशिक्षणात आलेला आहे, आणि आज या वर्गात बसणारा मुलगा त्या पंपांची मुदत संपेल तेव्हा नेमका तयार झालेला असेल. मुलींनीही या व्यवसायाकडे पाहावे. संस्थांत त्यांच्यासाठी जागा राखीव असतात, आणि शिवणकामाखेरीज दुसरा वर्ग त्यांना सुचविलाच जात नाही ही पालकांची व शिक्षकांची उणीव आहे.

वीजतंत्री किंवा तारतंत्री उत्तीर्ण झालेल्याने प्रमाणपत्र पेटीत ठेवून देऊ नये. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्रीचा परवाना काढून घ्यावा, म्हणजे वीजजोडणीची कामे त्यास परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या हाताखाली रीतसर करता येतील आणि बँकेपुढे कर्जासाठी उभे राहताना हाती काही असेल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रवेश दहावीच्या निकालानंतर गुणवत्तेनुसार, संगणकावर अर्ज भरून होतात. ज्यांना अर्ज स्वतः भरता येत नाही त्यांनी गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व अधिवासाचा दाखला घेऊन जवळच्या शासकीय संस्थेत जावे. तेथे मार्गदर्शन मिळते. वीजतंत्रीच्या जागा प्रथम भरतात. म्हणून पसंतीक्रम लिहिताना केवळ तो एकच व्यवसाय न लिहिता तारतंत्री, डिझेल यांत्रिक, ट्रॅक्टर यांत्रिक आणि सौर तंत्रज्ञ यांपैकी जे त्या संस्थेत असतील तेही खाली क्रमाने लिहावेत.